रजा साहेबांना, खाडा आईला

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेत मुंबईहून एक बस आली. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला. त्यानिमित्त एका मोठ्या कंपनीतली पस्तीस-चाळीस तरुण मुलं-मुली आली होती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह आणि पाठीवर इंग्रजीत ‘आम्ही समाजाला परत देतो’ अशा अर्थाचं एक वाक्य. कंपनी त्यांना वर्षातून दोन दिवस अशा कामासाठी रजा देते आणि त्या दिवसांचा पगार कापत नाही. याला आपण भरपगारी सेवारजा म्हणू.

मी भिवंडीत महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकवते, उर्दू आणि मराठी दोन्ही. त्या दिवशी मी शाळेत नव्हते. मतदार यादीच्या कामावर होते, गल्लीगल्लीत दारं वाजवत. दुपारी शाळेत आले तेव्हा बस निघून गेली होती आणि पाचवीच्या वर्गाच्या भिंतीवर एक मोठा जिराफ उभा होता.

जिराफ चांगला काढला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या भिंतीवर आधी माझा तक्ता होता. तीन वर्षांपूर्वी दोन रविवार घालवून, स्वतःच्या पैशांचा रंग आणून मी मराठी मुळाक्षरं आणि त्यांच्यापुढे उर्दू हर्फ लिहिले होते. ‘ण’ आणि ‘ळ’साठी जास्त जागा ठेवली होती, कारण या दोन अक्षरांना उर्दूत जोडीचा हर्फ नाही आणि आमची मुलं तिथेच अडखळतात. बाळ आणि बाल, नळ आणि नल, पाळणा आणि पालना. मूल भिंतीकडे बघून स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करायचं. तो तक्ता आता जिराफाच्या पोटात आहे.

त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगणारी मी मतदार यादीच्या कामावर होते. दुसरी सांगणारी होती आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. ती पालक आहे, दोन मुलांची आई. ती का नव्हती, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे.

ती भिवंडीच्या एका गोदामात पॅकिंगचं काम करते. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, पण आज या शहराभोवती गोदामांची रांग लागली आहे. मुंबई-ठाण्यात कुणी मोबाइलवर बोट दाबून काही मागवलं की ते बऱ्याचदा इथूनच निघतं. ती ठेकेदाराच्या हजेरीवर आहे. ज्या दिवशी जाईल त्या दिवसाचा रोज, नाही गेली की खाडा. लागोपाठ दोन खाडे पडले की तिसऱ्या दिवशी ‘तुझी जागा भरली’. मुख्याध्यापकांनी तिला फोन केला होता, पाहुणे येणार आहेत, अध्यक्ष म्हणून हजर राहा. ती म्हणाली, “सर, नागा नहीं कर सकती.”

दोन दिवसांनी मुलांना सोडायला आली तेव्हा मी तिला मोबाइलवर कार्यक्रमाचे फोटो दाखवले. ती फोटोतल्या टी-शर्टकडे बघत राहिली. मग म्हणाली, “टीचर, ये तो हमारे बक्सों पे छपा रहता है.”

ज्या कंपनीच्या खोक्यांना ती दिवसभर चिकटपट्टी लावते, त्याच कंपनीची माणसं भरपगारी रजा घेऊन तिच्या मुलांची शाळा रंगवायला आली होती. आणि त्याच कंपनीच्या मालामागे उभी राहणारी ती, स्वतःच्या मुलांच्या शाळेत, स्वतः अध्यक्ष असलेल्या समितीच्या कामासाठी अर्धा दिवस येऊ शकली नाही. परक्याच्या मुलासाठी येणाऱ्याला पगार आणि पोटच्या मुलासाठी येणारीला खाडा, असा हा हिशेब आहे.

आता ही सेवारजा आली कुठून ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने १९७१ साली कर्मचाऱ्यांना समाजकार्यासाठी पूर्ण पगारावर दीर्घ रजा द्यायला सुरुवात केली, काहींना वर्षभरापर्यंत. आज सेल्सफोर्ससारखी कंपनी वर्षाला सात दिवस, म्हणजे ५६ तास देते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने जाहीरनाम्यातच वचन दिलं होतं की मोठ्या कंपन्यांमधल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला तीन दिवस अशी रजा मिळेल. पक्ष जिंकला, पण तसा कायदा झाला नाही. आपल्याकडे २०१३ चा कंपनी कायदा आला, त्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. कर्मचाऱ्यांनी दिलेले तास मात्र त्या दोन टक्क्यांत पैशाच्या रूपात धरता येत नाहीत, असं केंद्र सरकारने स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे सेवारजा कंपनी आपल्या मर्जीने देते. कायद्याने ती मागितलेली नाही. मर्जीने दिलेल्या गोष्टीचं कौतुक करायला हवं. मीही करते.

पण कौतुक करून झाल्यावर त्या टी-शर्टवरचं वाक्य पुन्हा वाचा. ‘परत देतो.’ मी भाषेची शिक्षिका आहे, शब्दाला धरून बसायची मला सवय आहे. परत कोण देतं? ज्याने घेतलेलं असतं तो. मग ज्याच्याकडून घेतलं त्यालाच ते परत जायला हवं. उसनी साखर शेजारच्या घरातून आणायची आणि परत करायला चौथ्या गल्लीत जायचं, वर तिथे फोटो काढायचा, याला परतफेड म्हणत नाहीत. कंपनीने या शहरातून काय घेतलं? जमीन, रस्ते आणि सगळ्यात जास्त म्हणजे या बायका-पुरुषांचे दिवस. दिवस घेतले असतील तर त्यातला एखादा दिवस त्यांनाच परत द्या.

हे भावनेचं बोलणं नाही, कायद्याशी त्याचा थेट संबंध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतील आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतील. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला पैसा कुठे गेला ते बघायचं, असं काम या समितीकडे आहे. आपल्या राज्यात तिने दर महिन्याला बसायचं असतं. कायदा करणाऱ्यांनी फार मोठी गोष्ट केली. शाळेच्या चाव्या त्यांनी आईच्या हातात दिल्या. फक्त ती आई कामाच्या दिवशी अकरा वाजता शाळेत येणार कशी, याचा विचार कुणी केला नाही.

याचा परिणाम मी दर महिन्याला बघते. रजिस्टर घरी फिरतं, सह्या होतात, बैठक ‘झाली’. ज्यांना रजा असते ते बोलतात, ज्यांना खाडा असतो ते सही करतात. श्रीमंत वस्तीतल्या शाळेत पालक सभेला गाड्यांची रांग लागते आणि मग म्हणतात, त्या पालकांना शिक्षणाची आस्था आहे. आस्था इथेही आहे. इथे तिचा दर रोजच्या मजुरीइतका आहे, एवढाच फरक.

आपल्या समाजात हे दुखणं अधिक खोल आहे. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिलं होतं की मुसलमान कामगारांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे आणि नियमित पगाराच्या नोकरीत असणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून कमी. म्हणजे ज्या दारातून रजा नावाची गोष्ट घरात येते, ते दारच आपल्या बहुतेक घरांना नाही. माग चालवणारा, हातगाडी लावणारा, भंगार गोळा करणारा, बेकरीत राबणारा माणूस. याच्या आयुष्यात किरकोळ रजा नसते, आजारी रजा नसते, मग सेवारजा कुठून येणार? आणि तरी मोहल्ल्यात मय्यत झाली की हाच माणूस काम टाकून खांदा द्यायला येतो. २००५ च्या पुरात, कोरोनाच्या टाळेबंदीत, याच लोकांनी देगा चढवल्या. त्यांची खिदमत रजेशिवाय, पगाराशिवाय आणि फोटोशिवाय चाललेली आहे. तिला कुणी ‘स्वयंसेवा’ म्हणत नाही.

कुणी म्हणेल, पगार घेऊन केलेली सेवा ही सेवाच नाही. मला हे पटत नाही. बिनपगारी सेवा फक्त त्यालाच परवडते ज्याच्या घरात आधीच काहीतरी आहे. वेळ फुकट नसतो, कुणीतरी त्याची किंमत मोजत असतं. ती किंमत मालकाने मोजली तर चांगलंच आहे. म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही रजा बंद करू नका, खाली उतरवा.

मालक म्हणतील, रोजंदारीवरच्या माणसाला भरपगारी सुट्टी हे कुठल्या जगात चालतं? आपल्याच जगात चालतं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-बी घातलं गेलं. मतदानाच्या दिवशी प्रत्येक मतदार कामगाराला सुट्टी द्यायची आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही. ज्याला एरवी सुट्टीची मजुरी मिळत नाही, त्या रोजंदाराचीसुद्धा नाही. देशाने एकदा मान्य केलं आहे की नागरिकाचं काही काम इतकं मोलाचं असतं की त्या दिवसाची मजुरी मालकाने सोसावी. आमदार निवडणं हे असं काम असेल, तर आपल्या मुलाच्या शाळेचा पैसा कुठे गेला हे विचारणं त्याहून हलकं कसं?

मालक दुसरं म्हणतील, ती आमची कामगार नाही, ठेकेदाराची आहे. खोक्यावर नाव तुमचं आणि खोकं बांधणारे हात मात्र ठेकेदाराचे? तिसरं म्हणतील, आपल्याच कामगारांवर केलेला खर्च सामाजिक खर्चाच्या दोन टक्क्यांत बसत नाही. हे खरं आहे, नियमच तसा आहे आणि तो बरोबर आहे. आपल्या माणसांची काळजी घेणं हे दानधर्मात मोडत नाही, असंच तो नियम सांगतो. ते दोन टक्क्यांतून करू नका, मजुरीच्या खात्यातून करा. खर्च किती? समजा रोज पाचशे रुपये. महिन्याला अर्धा दिवस म्हणजे अडीचशे, वर्षाला तीन हजार. एका गोदामात समितीवर असलेल्या आया किती निघतील, दोन की चार? एका बसचं भाडं, चाळीस टी-शर्ट, रंगाचे डबे, फलक आणि फोटोवाला यांच्या शेजारी हा आकडा ठेवा आणि हिशेब तुम्हीच करा.

बाहेरच्या कंपनीला एवढं सुनावलं, आता घरातलं बोलते. आपल्याच शेठ मंडळींचे माग आहेत, बेकऱ्या आहेत, कारखाने आहेत. रमजानमध्ये ते हात सैल सोडतात, जकात काढतात, शिधा वाटतात, मदरशाला पावती फाडतात. अल्लाह कबूल करो. पण त्याच शेठच्या मागावरचा कामगार मुलाच्या निकालाच्या दिवशी दोन तास मागतो तेव्हा काय उत्तर मिळतं? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्याला ऐकतो. जकात हा गरिबाचा हक आहे, तसा वेळही त्याचा हक आहे. शिधा महिनाभर पुरतो. बाप शाळेत येऊन बसला तर मूल दहावीपर्यंत टिकतं. हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

आणि ज्यांना अशी रजा मिळते त्या आपल्या मुलामुलींना एक गोष्ट सांगते. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. त्यालाही दोन दिवस सेवारजा आहे. त्याने फोन केला, “टीचर, शाळेत येऊन काय करू?” मी म्हटलं, रंग नको, रजिस्टर बघ. आमच्याकडे मुलांना जातीचा दाखला काढायला सगळ्यात मोठा अडथळा कागदाचा असतो. इतर मागासवर्गात मोडणाऱ्या मोमीन, बागवान, तांबोळी घरांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. बापाच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग आजोबांची, चुलत आजोबांची शाळेतली नोंद शोधावी लागते, आणि ती असते जुन्या जनरल रजिस्टरात, कधी उर्दूत, कधी घसटत्या मराठीत, वाळवीने खाल्लेल्या पानांवर.

तो आला. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन चार अर्धे दिवस ऑफिसात बसला. १९६७ पूर्वीच्या नोंदी त्याने एकेक करून संगणकावर उतरवल्या, नाव टाकलं की पान नंबर निघेल अशा. उर्दू नोंदी मी वाचायचे, तो मराठीत टाइप करायचा. त्या यादीतून आतापर्यंत अकरा मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांची नोंद सापडली आहे. दाखला निघणं पुढची गोष्ट, पण दार तरी सापडलं. भिंतीवर यातलं काहीच दिसत नाही.

आता गंमत ऐका. कंपनीने ते दोन दिवस सेवारजा म्हणून धरले नाहीत. सेवा कंपनीच्या यादीतल्या संस्थेतच करावी लागते आणि गटाने करावी लागते. एकट्याने जुनं रजिस्टर उतरवणं त्यांच्या कागदात बसत नव्हतं. त्याने स्वतःची रजा खर्च केली. जिराफ काढायला भरपगारी रजा मिळते, अकरा पोरांच्या कागदासाठी मिळत नाही.

दोन दिवस म्हणजे सोळा तास. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं वर्षाला १२० तास देतात, १९६९ पासून हे चालू आहे. सोळा तास त्यामानाने थोडे, पण वाया न घालवता वापरले तर पुष्कळ. एका दिवसात चाळीस जण येण्यापेक्षा एकच जण दोन-दोन तास आठ वेळा आला तर आठव्या वेळी मूल त्याला ओळखतं. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, आधारमधलं नाव आणि शाळेतलं नाव जुळवायचं असतं, बँकेचं बंद पडलेलं खातं चालू करून घ्यायचं असतं. ही कामं रटाळ आहेत आणि त्यांचा फोटो चांगला येत नाही. म्हणूनच ती पडून आहेत.

आम्हा शिक्षकांचंही एक वाक्य लिहून ठेवते. आम्हाला सेवारजा नसते, हुकूम असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं सोडून शिक्षकाला बाहेरचं काम देता येत नाही. पण त्या तिघांचीच शेपटी इतकी लांब आहे की भिंत रंगते त्या दिवशी शिक्षिका शाळेत नसते.

माझं मागणं तीन ओळींचं आहे. जी कंपनी सेवारजा देते तिने ती ठेक्यावरच्या कामगारालाही द्यावी आणि त्याच्या मुलाच्या शाळेतलं काम हे समाजाचं काम धरावं. शाळेत काय करायचं हे शाळेच्या समितीला आधी विचारावं आणि समिती जमेल त्याच दिवशी यावं. आणि राज्य सरकारने समितीवरच्या पालकाला बैठकीच्या दिवशी मजुरीसकट अर्धा दिवस मिळेल असा नियम करावा, मतदानाच्या सुट्टीसारखा.

सरकार करेल तेव्हा करेल. वाचकांपैकी जे कंपन्यांमध्ये नोकरी करतात त्यांच्या मेलमध्ये यंदाही डिसेंबरात सेवारजेचं पत्र येईल. नाव नोंदवा, जरूर नोंदवा. पण त्याआधी त्या पत्राला एक उत्तर पाठवा. आपल्या ऑफिसात झाडू मारणाऱ्या मावशींना, दारावरच्या चौकीदाराला, गोदामातल्या पॅकिंगवालीला ही रजा आहे का, एवढंच विचारा. उत्तर काय आलं ते मला कळवा. मी ते आमच्या समितीच्या बैठकीत वाचून दाखवीन. अध्यक्षबाईंना त्या दिवशी खाडा परवडला, तर त्यांच्यासमोर.